एका नावाचे दोन धनी

आपल्याकडे एकाच नावाची गावे पुष्कळ. पुण्याच्या आसपास पाहिले तरी वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव खुर्दही आहे. आंबेगाव बुद्रुक आहे तसे आंबेगाव खुर्दही आहे. बुद्रुक आणि खुर्द हे दोन्ही शब्द मूळचे फारसी. पहिल्याचा अर्थ थोरले, दुसऱ्याचा धाकटे. एका नावाचे दोन धनी झाले की व्यवहार अडतो, हे आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आले आणि त्यांनी नावापुढे एक शब्द जोडून तो प्रश्न मिटविला. असा शब्द जोडलेला नसला तर काय व्हावयाचे? नुसते ‘वडगाव’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याला जवळचे असलेले वडगाव उभे राहावयाचे. नाव कानी पडताच जवळचा धनी आधी आठवावा, हा मनुष्यस्वभावच आहे.

हाच स्वभाव माणसाने आपल्या संगणकालाही लावून दिला, आणि त्याचे बरेवाईट परिणाम गेली पन्नास वर्षे तो भोगीत आहे. आजचा विषय त्या परिणामांचा इतिहास हा आहे. पायथॉन ही संगणकाची भाषा आज आपल्या घरांतील मुले शाळा-कॉलेजांत शिकतात. त्या भाषेत विद्यार्थ्याने आपल्या फाइलला एखादे साधे नाव दिले, आणि तेच नाव भाषेबरोबर येणाऱ्या लायब्ररीतील एखाद्या विभागाचे असले, तर विद्यार्थ्याची फाइल त्या विभागाला झाकून टाकते. जाणकार यास ‘शॅडोइंग’ म्हणतात. आपण ‘सावलीत जाणे’ म्हणू. गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु नाव कोणाचे, आणि ते कोणी ठरवावयाचे, हा तिच्या तळाशी असलेला प्रश्न क्षुल्लक नाही.

प्रथम ‘लायब्ररी’ हा शब्द येथे आला कोठून ते पाहू. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली ‘एडसॅक’ नावाचा संगणक चालू झाला. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येक गणितात पुन्हा पुन्हा लागत. ती प्रत्येकाने नव्याने लिहीत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून, तपासून, भोके पाडलेल्या कागदी फितींवर ठेवून द्यावीत, अशी योजना तेथील मंडळींनी केली. या फितींच्या संग्रहाला लायब्ररी म्हणत. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनले गिल या तिघांनी १९५१ साली या पद्धतीवर पुस्तकही प्रसिद्ध केले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. फीत शोधून काढण्याचे काम माणसाचे होते. तो हाताने फीत उचली आणि आपल्या फितीत तिची नक्कल उतरवून घेई. ज्याला काय हवे ते ठाऊक आहे असा मनुष्य शोध घेत असल्यामुळे एका नावाच्या दोन वस्तूंचा घोटाळा होण्यास फारसा वाव नव्हता.

पुढे शोधण्याचे काम यंत्राकडे आले आणि वाव निर्माण झाला. यंत्राला आपण फक्त नाव सांगतो. त्या नावाची वस्तू कोठे कोठे, आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने पाहावयाची, हे आधी कोणीतरी ठरवून ठेवावे लागते.

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून पुढे ‘युनिक्स’ ही प्रणाली घडविली. १९७४ साली या दोघांनी तिच्यावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात हा क्रम स्पष्ट दिला आहे. मनुष्याने आज्ञेचे नाव लिहिले की त्या नावाची फाइल आधी, तो ज्या फोल्डरमध्ये काम करीत आहे तेथे पाहावयाची. तेथे नसली तर सर्वांसाठी ठेवलेल्या ‘बिन’ या सार्वजनिक फोल्डरात पाहावयाची. म्हणजे घरचे आधी, गावचे नंतर. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत शोधाची यादी मनुष्याला स्वतः बदलता येऊ लागली. तरी मुळात दिलेल्या यादीत पहिले स्थान चालू फोल्डरचेच होते.

या क्रमात त्या काळी कोणाला वावगे वाटले नाही, कारण एका संगणकावर काम करणारी माणसे बहुधा एकमेकांच्या ओळखीची. स्वतः लिहिलेली आज्ञा नुसते नाव घेताच चालावी, ही सोय मोठी होती. परंतु संगणक विद्यापीठांत गेले, एकेका यंत्रावर शेकडो विद्यार्थी बसू लागले, आणि या सोयीतले छिद्र दिसू लागले. फोल्डरातील फाइलींची यादी दाखविणारी ‘एल-एस’ नावाची एक आज्ञा आहे. दिवसातून शंभर वेळा लागणारी. एखाद्या खोडकर विद्यार्थ्याने आपल्या फोल्डरात ‘एल-एस’ याच नावाचा स्वतःचा प्रोग्राम ठेवून द्यावा. व्यवस्थापक त्या फोल्डरात आला आणि सवयीने यादी मागू लागला की चाले तो विद्यार्थ्याचा प्रोग्राम, आणि तोही व्यवस्थापकाच्या सर्व अधिकारांनिशी! तेव्हापासून, चालू फोल्डर यादीत पहिले ठेवू नये, शक्य तर ठेवूच नये, हा युनिक्सच्या व्यवस्थापकांचा जणू कुलधर्म झाला.

पण क्रम उलटा केल्याने घोटाळा संपला असे नाही. तो दुसऱ्याच्या वाट्याला गेला इतकेच. शिकाऊ मुलगा आपल्या पहिल्या प्रोग्रामला ‘टेस्ट’ असे नाव देतो. युनिक्समध्ये ‘टेस्ट’ नावाची आज्ञा आधीपासून आहे, आणि ती काहीही न छापता मुकाट्याने संपते. मुलगा आपला प्रोग्राम चालवू पाहतो, चालते ती सरकारी आज्ञा, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. आपले काय चुकले ते शोधीत तो बिचारा बसून राहतो.

युनिक्सच्याच घरात जन्मलेल्या ‘सी’ भाषेने मात्र एक समंजस तोड काढली. बाहेरची फाइल आणावयाची तर तिचे नाव अवतरणचिन्हांत लिहावे की टोकदार कंसांत, यावरून ती आधी जवळच्या फोल्डरात शोधावयाची की थेट प्रणालीच्या भांडारात, हे ठरते. बुद्रुक-खुर्दचीच ही रीत; लिहिणाऱ्यानेच आपला मनोदय सांगून टाकावयाचा. नावाला एक खूण जोडली की निम्मे तंटे मिटतात.

आता पायथॉनकडे वळू. ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत काम करणारे गिदो व्हॅन रॉसम यांनी १९८९ सालच्या नाताळच्या सुटीत ही भाषा लिहावयास घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. तिचे नाव सापावरून पडलेले नाही. ‘माँटी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडले आहे. या भाषेबरोबर एक भरगच्च लायब्ररी येते. खेळणे बॅटऱ्या घालूनच मिळते, असे तिचे चाहते अभिमानाने म्हणत. या बॅटऱ्यांची नावे साधी, रोजच्या वापरातली आहेत: रँडम, कॅलेंडर, ईमेल, स्ट्रिंग, क्यू, टर्टल, स्टॅटिस्टिक्स. घोटाळ्याचे बीज या साधेपणातच आहे. नाव जितके सोपे, तितके ते दुसऱ्यालाही सुचावयाचे.

प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्ट रँडम’ असे लिहिले म्हणजे पायथॉन काय करतो? तो आधी आपली वही पाहतो. या नावाचे मॉड्यूल यापूर्वीच आणलेले असेल तर तेच देतो. नसेल तर ते आपल्या अंगातच घडविलेले आहे काय हे पाहतो. तेथेही नसेल तर फोल्डरांच्या एका यादीतून क्रमाने शोध घेतो. आपण चालविलेली फाइल ज्या फोल्डरात आहे, तो या यादीत पहिला. भाषेबरोबर आलेली लायब्ररी त्यानंतर, आणि पुढे मागाहून बसविलेली इतर पॅकेजे. पहिला मिळाला की शोध थांबला. पुढे त्या नावाचा दुसरा, अधिक योग्य धनी उभा असला तरी त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

आता एक मुलगी फाशांच्या खेळाचा छोटा प्रोग्राम लिहिते असे समजा. फासे टाकण्यास यदृच्छेने अंक हवा. तो देणारे मॉड्यूल ‘रँडम’. तेव्हा फाइललाही ती ‘रँडम’ हेच नाव देते. प्रोग्राम चालतो, पहिल्याच ओळीत रँडम मागतो, पायथॉन जवळच्या फोल्डरात पाहतो, आणि तेथे त्याला भेटते ती तिचीच फाइल! प्रोग्राम स्वतःलाच आणावयास निघतो. मग अंक मागावयाची वेळ येते, तेव्हा या मॉड्यूलमध्ये असा गुण नाही, असे उत्तर मिळते. मुलगी पुस्तक उघडून पाहते. पुस्तकात तो गुण स्पष्ट छापलेला असतो. तिने लिहिलेली एकही ओळ चुकीची नसते. चुकलेले असते ते फाइलचे नाव, आणि फाइलच्या नावाकडे संशयाने पाहावे हे तिला कोणीही शिकविलेले नसते.

दुसरा प्रकार याहून चकविणारा. एकाने टपाल पाठविण्याचा प्रोग्राम लिहिला आणि फाइलला ‘ईमेल’ असे नाव दिले. त्याने लायब्ररीतील ईमेल मागितलेलेही नाही. त्याने मागितले टपाल पोचविणारे ‘एसएमटीपीलिब’ हे मॉड्यूल. परंतु त्या मॉड्यूलला स्वतःच्या कामासाठी लायब्ररीतील ईमेल लागते. ते मागते, आणि त्याच्या हाती पडते ती या गृहस्थाची फाइल. म्हणजे सावली आपल्या फाइलपुरती राहत नाही. लायब्ररीचा एक विभाग दुसऱ्याला हाक मारतो आणि मधूनच आपण ‘ओ’ देतो.

यात जुन्या पायथॉनची आणखी एक खोड होती. एकदा आणलेल्या मॉड्यूलचे यंत्राला सोयीचे रूपांतर तो त्याच फोल्डरात दुसऱ्या फाइलीत ठेवून देई. मूळ फाइलचे नाव बदलले तरी हे रूपांतर मागे राही आणि पूर्वीप्रमाणेच आड येई. भूत गाडले तरी सावली शिल्लक! फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या ३.२ या आवृत्तीत ही रूपांतरे वेगळ्या उपफोल्डरात ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि मूळ फाइल नसेल तर तेथील रूपांतराकडे पाहावयाचे नाही असे ठरले. तेव्हा हे भूत गेले.

मूळ दुखण्यावर इलाज करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पायथॉनमध्ये अनेक फाइली एकत्र बांधून त्यांचे पॅकेज करता येते. जुन्या नियमाप्रमाणे पॅकेजमधील एका फाइलने ‘स्ट्रिंग’ मागितले की आधी त्याच पॅकेजमध्ये त्या नावाची फाइल शोधली जाई. लायब्ररीचे स्ट्रिंग हवे असे स्पष्ट सांगण्यास सोपा मार्गच नव्हता. डिसेंबर २००३ मध्ये या नियमाविरुद्ध एक रीतसर प्रस्ताव मांडला गेला. प्रस्तावांच्या मालिकेत त्याचा क्रमांक ३२८. त्याचे म्हणणे असे की नुसते नाव घेतले तर शोध पॅकेजच्या बाहेर, नेहमीच्या यादीतूनच व्हावा. शेजारची फाइल हवी असेल तर नावाआधी टिंब देऊन तसे सांगावे. ‘सी’ भाषेची रीत येथे नव्या रूपात अवतरली. २००६ सालच्या २.५ आवृत्तीत हा नियम ऐच्छिक म्हणून आला, आणि डिसेंबर २००८ मधील ३.० आवृत्तीत सर्वांना लागू झाला.

परंतु हा इलाज अर्धाच होता. पॅकेजच्या आतला तंटा मिटला. शोधाच्या यादीत चालविलेल्या फाइलचा फोल्डर पहिला, हा नियम तसाच राहिला. मोठे पॅकेज लिहिणारा जाणता मनुष्य सुरक्षित झाला, आणि एकच फाइल लिहिणारी फाशांच्या खेळातली मुलगी होती तेथेच राहिली.

येथवर आपण नामसाम्याची गोष्ट पाहिली. नामसाम्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पण एका नावाचे दोन धनी असू शकतात हे कळल्यावर तोतयांना वेळ लागत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये ‘निम्डा’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक अशी होती की ज्या फोल्डरात वर्डची कागदपत्रे असतील तेथे विंडोजच्या एका सहायक फाइलचे नाव धारण करून तो आपली प्रत ठेवून देई. मालकाने कागद उघडला की वर्ड ती सहायक फाइल शोधू लागे आणि जवळच बसलेला तोतया पुढे येई. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणासंचात चालू फोल्डरचा क्रम प्रणालीच्या फोल्डरांमागे ढकलण्यात आला. तरीही ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला याच जातीच्या धोक्याबद्दल पुन्हा जाहीर सूचना काढावी लागली.

त्याच महिन्यात रूबी या भाषेने १.९.२ आवृत्तीत चालू फोल्डर आपल्या यादीतून काढूनच टाकला. पर्लचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या यादीत चालू फोल्डर शेवटचा होता. लायब्ररीवर सावली पाडण्याची त्यास संधीच नव्हती. परंतु प्रोग्राम कधी कधी ‘असेल तर घे’ म्हणून एखादे मॉड्यूल मागतो आणि ते कोठेच नसते. तेव्हा शोध यादीच्या शेवटापर्यंत जातो, आणि तेथे कोणीही ठेवलेली फाइल उचलली जाते. मे २०१७ मधील ५.२६ आवृत्तीत पर्लनेही तो फोल्डर वगळला.

मग पायथॉनने काय म्हणून वगळला नाही, असे कोणी विचारील. पायथॉनच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दोन फाइली एका फोल्डरात ठेवाव्यात आणि एकीने दुसरीला नावाने हाक मारावी, ही या भाषेतील पहिली पायरी आहे. लाखो शिकाऊ माणसे ती चढली. दुसरे कारण असे की लायब्ररी वाढत असते. २०१४ साली तिच्यात ‘स्टॅटिस्टिक्स’ आले, २०१६ अखेर ‘सीक्रेट्स’ आले, २०१८ मध्ये ‘डेटाक्लासेस’ आले. त्यापूर्वी कोणी आपल्या फाइलला ‘सीक्रेट्स’ असे नाव देऊन तिच्यात पासवर्ड ठेवले असतील, तर त्याचा काय अपराध? लायब्ररीला पहिला मान दिला असता तर नव्या आवृत्तीच्या दिवशी त्याचा चालता प्रोग्राम त्याच्याच फाइलला ओळखेनासा झाला असता. जवळच्याला मान दिल्याने निदान जुने घर उभे राहते.

उलट मार्ग घेणाऱ्यांचा अनुभव पाहा. नोड या प्रणालीने आपल्या मूळ मॉड्यूलांना सदैव अग्रमान दिला. परिणामी, नवे मॉड्यूल आणावयाचे तर त्या नावाची लोकांची पॅकेजे मोडणार, ही अडचण उभी राहिली. शेवटी नावाआधी ‘नोड’ असा उपसर्ग लावण्याची पद्धत काढावी लागली, आणि २०२२ साली आलेले चाचणीचे मॉड्यूल तर त्या उपसर्गावाचून मिळतच नाही. म्हणजे फिरून गाडी बुद्रुक-खुर्दवरच आली. आणि दूरच्याला मान दिला तर काय होते तेही फेब्रुवारी २०२१ मध्ये दिसले. ॲलेक्स बिरसान या संशोधकाने, मोठ्या कंपन्या आपल्या अंतर्गत पॅकेजांना जी नावे देतात, त्याच नावांची पॅकेजे सार्वजनिक भांडारात ठेवली. कित्येक ठिकाणी यंत्रांनी घरचे सोडून बाहेरचे उचलले, आणि पस्तीसहून अधिक संस्थांच्या आत त्याचा निरुपद्रवी नमुना जाऊन पोचला. तात्पर्य, पूर्णपणे निर्दोष असा क्रम नाही. प्रत्येक क्रम म्हणजे कोणावर आधी विश्वास ठेवावयाचा याचा एक निर्णय आहे, आणि त्या निर्णयाची किंमत कोणीतरी मोजतोच.

पायथॉनने ही किंमत हळूहळू कमी करीत आणली. मार्च २०१४ मधील ३.४ आवृत्तीत, प्रोग्राम बाहेरच्या परिस्थितीपासून अलग ठेवून चालविण्याचा पर्याय आला. ऑक्टोबर २०२२ मधील ३.११ आवृत्तीत, जवळचा फोल्डर यादीच्या आरंभी घालूच नये असे सांगण्याची स्वतंत्र सोय झाली. इंटरनेटवरून उतरविलेल्या नाना फाइली जेथे साचतात त्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरात बसून पायथॉन चालविणाऱ्यास तिचे महत्त्व कळेल. तथापि या सोयी जाणत्यांच्या; ज्याला धोका ठाऊक आहे तोच त्या वापरणार.

शिकाऊ माणसाची दखल सर्वांत शेवटी घेतली गेली. २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून अशा प्रसंगी जो संदेश येई तो, बहुधा दोन मॉड्यूले एकमेकांना आणू पाहत असावीत, असे सुचवी. तो खोटा नव्हता. पण फाशांच्या खेळातल्या मुलीपाशी दुसरे मॉड्यूल होतेच कोठे? ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.१३ आवृत्ती आली, आणि तेव्हापासून पायथॉन सरळ बोलू लागला: या फाइलचे नाव बदलण्याचा विचार करा, कारण लायब्ररीतील मॉड्यूलचे नाव हेच आहे आणि शोधात तुमच्या फाइलला अग्रक्रम मिळतो. नियम तोच राहिला. त्या नियमाचे कारण मात्र, ज्याला त्याची ठेच लागते, त्याच्या कानी प्रथमच घातले गेले. भाषा जगापुढे आल्यापासून तेहतीस वर्षे लोटली होती.

घरी एखादे मूल असा प्रोग्राम घेऊन रडकुंडीला आले तर त्याच्या ओळी तपासण्यापूर्वी फाइलचे नाव पाहावे. ते लायब्ररीतील नावाशी जुळत असेल तर बदलावे. ‘रँडम’ऐवजी ‘फाशांचा खेळ’ म्हणावे. आणि त्याला हेही सांगावे की चूक तुझ्या बुद्धीची नाही. ओळखीच्या माणसांच्या लहानशा घरात कोणे एके काळी जो क्रम सोयीचा म्हणून ठरला, तो घराचे शहर झाल्यावरही चालू राहिला, आणि त्याची ठेच तुला लागली. मुलाला एवढे कळले म्हणजे पुढच्या फाइलला नाव देताना ते क्षणभर थांबेल.